समोरच्या दारानं पाणी

पंचफुलाला गावातली सगळी घरं मागून ठाऊक होती. कुणाच्या सांदवाडीत शेवगा आहे, कुणाच्या मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, कुणाची म्हैस परक्या माणसावर शिंग उगारते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. समोरून मात्र तिला गावच्या पाटलाचं, पुंडलिकरावांचं घरही धड ओळखू आलं नसतं. तालुक्याच्या जनपद सभेची नर्स म्हणून चिखलडोहला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. अल्लीपूरपासून दोन कोसांवरचं हे गाव. तीन वर्षांत तिनं एक्केचाळीस बाळंतपणं केली, एकही बाई हातची जाऊ दिली नाही, आणि एकाही घराच्या समोरच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही.

बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि ते करायला येणारी बाई म्हणजे चालताबोलता विटाळ. त्यात ती गोंडाची. घराच्या मागच्या अंगणाला, म्हणजे सांदवाडीला, जे दार असेल त्यानं यायचं, अंधाऱ्या खोलीत शिरायचं, काम उरकायचं आणि आल्या वाटेनं जायचं. तहान लागली तर घरातली बाई वरून ओंजळीत पाणी ओतणार. वर्ध्याला दीड वर्ष शिकताना मोठ्या सिस्टरनं हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते शिकवलं होतं. कुणाच्या पाण्यानं धुवायचे ते शिकवलं नव्हतं. पंचफुलाला याचा राग यायचा. तो राग ती पिशवीत भरून घरी आणायची आणि सासूवर काढायची.

सासू रामबाई काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. आर्वीकडच्या जंगलातल्या गावात तिनं स्वतः तीस वर्षं सुईणपण केलं होतं. सुनेला ती ‘सरकारी सुईण’ म्हणायची आणि तिची कातडी पिशवी, लाकडी नळी, डेटॉलची बाटली यांच्याकडे लग्नातल्या उसन्या दागिन्यांकडे पाहावं तसं पाहायची. नवरा मंगरू पुंडलिकरावांकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर बांधलेला. पहाटे बैलांना कडबा टाकण्यापासून त्याचा दिवस सुरू व्हायचा. तिघं गोंडपुऱ्याच्या तोंडाशी, जनपदाच्या दोन खोल्यांत राहत.

सत्तावन्न सालच्या आषाढात ताप आला. हिंगणघाटच्या बाजारातून सरकी घेऊन आलेला रूपराव गाडीवरून उतरला तो भिंत धरूनच. तिसऱ्या दिवशी त्याचं सगळं घर पांघरुणात होतं आणि आठवड्यात अर्धं गाव. डोकं फुटायचं, कंबर मोडायची, डोळे तांबारायचे, खोकला छाती खरवडून काढायचा. लोकांनी त्याला हाडमोड्या नाव दिलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झालेली, तण काढायचे, डवरणीचे दिवस, आणि शेतात माणूस नाही. गवत पिकाच्या वर डोकं काढून डोलत होतं. मंगरू एकटाच पुंडलिकरावांच्या शेतात डवरा धरून फिरायचा, आणि संध्याकाळी येऊन पायातला चिखल सुकायच्या आत झोपी जायचा.

अल्लीपूरच्या मोठ्या दवाखान्यातून ओमप्रकाश कंपाउंडर सायकलवर आला. मागे एक बरणी बांधलेली, पोत्यात ऐंशी रिकाम्या बाटल्या, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी. डॉक्टर स्वतः तापानं पडले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं की अडलेली बाई सोडून बाकीची बाळंतपणं गावच्या सुईणीवर टाकावीत. नर्सनं सकाळ-संध्याकाळ घरोघर जाऊन तापाचे रोगी पाहावेत, बायका-पुरुष सगळे. मिक्श्चर पुरेल तेवढं द्यावं. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: भरपूर पाणी, पातळ पेज, विश्रांती. दुसरं औषध या तापाला नाही.

ओमप्रकाशनं बाटलीवर कागदाची पट्टी कशी चिकटवायची ते दाखवलं. पट्टीला कात्रीनं दाते पाडायचे, एक दाता म्हणजे एक खुराक. हे तिला येत होतं, पण त्याचेही डोळे तांबारलेले होते, म्हणून तिनं त्याला सांगू दिलं. जाताना त्याला सायकलवर चढता येईना. पंचफुलानं मागून कॅरिअर धरलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम पालटलं, वाट मात्र तीच राहिली, मागच्या दाराची. आजवर तिचे रोगी म्हणजे बायका आणि तासाभराची मुलं. पुरुषाच्या मनगटाला तिनं हात लावला होता तो फक्त मंगरूच्या. आता पुरुषांच्या नाड्या बघायच्या, काखेत काचेची नळी ठेवायची. तिला संकोच वाटला, पण पुरुषांना त्याहून अधिक. तानबा तेलीनं तर चादरीतून एक हात बाहेर काढला, त्यावर फडकं टाकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, जसा काही कासार बांगड्या भरायला आला होता. पंचफुलाला हसू आलं. त्याची बायको गंगा शेजारी पडली होती, तीही तापातून हसली.

गंगाचं पोर मागच्या वर्षी पंचफुलाच्याच हातून झालं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते, जीभ लाकडासारखी. पाणी किती प्यायली म्हणून विचारल्यावर तानबानं अपमान झाल्यासारखं पाहिलं. तापाच्या माणसाला कोणी पाणी देतं का? ताप आला की पाणी तोडायचं, ताप उतरला की सुंठीच्या पाण्याचा घोट द्यायचा. पाणी पोटात गेलं की ताप हाडात उतरतो, मग तो निघत नाही. त्याच्या आजानं हेच केलं, बापानं हेच केलं. पंचफुलानं समजावलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. तानबानं मान डोलावली. सगळ्या घरांत मान डोलावली, आणि ती बाहेर पडली की माठावर झाकण घातलं.

चौथ्या दिवशी गंगा गेली.

पंचफुलानं तिचा हात हातात घेतला तर चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली. उशाशी मिक्श्चरची बाटली होती, तीन खुराक संपलेले. हात-दोन हातांवर भरलेला माठ. पंचफुला घरी आली आणि ओट्यावर बसून रडली. राग कुणावर काढायचा ते कळेना. रामबाईनं तिला रडू दिलं. मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, “लोकं पानी नाई पेत. औषद पेतेत का नाई?”

“पेतेत. पर औषद सरलं.”

रामबाई उठली. आढ्याला बांधलेलं गाठोडं तिनं खाली घेतलं. त्यात शिमग्याच्या आधी वेचून सावलीत वाळवलेली पळसाची फुलं होती. तिच्या गावी उन्हाळ्यात हीच फुलं पाण्यात टाकून पीत. तिनं मूठभर फुलं भांड्यात टाकली, वर उकळतं पाणी ओतलं. पाणी आधी पिवळं, मग केशरी झालं. “येर,” रामबाई म्हणाली. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. “पर आता हे येर नाई. आता हे दवाखान्याचं.”

पंचफुलाला ते एकदम पटलं, आणि पटलं म्हणून भीतीही वाटली. तिनं त्यात गूळ घातला, चिमूट चिमूट मीठ घातलं, फडक्यानं गाळलं. रिकाम्या बाटल्या घरोघरून परत आणून उकळल्या, भरल्या. आणि मग, बाटली औषधाची दिसायला हवी म्हणून, प्रत्येक बाटलीवर दाते पाडलेली कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. ऐंशी बाटल्या, ऐंशी पट्ट्या. कात्री धरून अंगठ्याला फोड आला. औषधाला विटाळ लागत नाही, हे गावात सगळे मानत होते. दवाखान्याची बाटली कुणाच्याही हातून चालते. तीच बाटली तिनं सकाळी घरोघर दिली. तानबानंही घेतली. तिच्याकडे न बघता.

खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते एवढंच की गंगाच्या वेळी हे सुचलं नाही.

तीन दिवस ती धावत होती. पहाटे तिघं मिळून गोंडपुऱ्याच्या विहिरीचं पाणी ओढायची, रामबाई चुलीपाशी, पंचफुला बाटल्यांपाशी. मंगरू शेतात जाता जाता दोन पिशव्या गावाच्या वरच्या टोकाला टाकून द्यायचा. बाळंतपणाला रामबाई जायची, सुनेची पिशवी काखेत मारून, आणि परत आली की हात कोपरापर्यंत धुवायची. विचारलं तर म्हणायची, पाणी जास्त झालं म्हणून धुतले. साठ घरं होती. एका घरात थांबलं की दुसऱ्या घरात पोचता यायचं नाही. बाटली द्यायची, नाडी बघायची, पुढे निघायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

पुंडलिकरावांच्या घरी ताप शेवटी शिरला, आणि शिरला तो सगळ्यांना एकदम घेऊन. पुंडलिकराव ओसरीवर, त्यांची बायको अनुसयाबाई आत, आणि सून शोभाबाई मागच्या खोलीत. तिला आठवा महिना सरत आलेला. तिचा नवरा प्रभाकरराव नागपुरात नोकरीला, त्याला कळवायलाही माणूस नव्हता. पंचफुला पहिल्या दिवशी सांदवाडीतून गेली, पोटावर लाकडी नळी लावून आतले ठोके ऐकले, ते घोडा दौडावा तसे नीट होते. चार बाटल्या मोलकरणीच्या हाती दिल्या. अंगात ताप असलेल्या गरोदर बाईला हे औषध सारखं देत राहा, असं तिनं बजावलं. मोलकरीण हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आडवी झाली.

दोन दिवसांनी मंगरू दुपारीच शेतातून आला. बैल सोडायला वाड्यात गेला होता तेव्हा त्याला आतून कण्हणं ऐकू आलं होतं. “सूनबाईचं काई खरं नाई दिसत,” तो म्हणाला. “तू चाल.”

शोभाबाईच्या खोलीत वाळल्या गवताचा वास येत होता. तिचे ओठ फाटले होते, डोळे खोल गेले होते. लघवीला कधी गेली ते तिला आठवत नव्हतं. पोट हाताखाली मधूनच दगडासारखं कडक व्हायचं आणि सुटायचं. पंचफुलानं नळी लावली. ठोके होते, पण घाईचे आणि दुरून येणारे. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होऊ पाहत होत्या, आणि कळा काढायला बाईच्या अंगात काही उरलं नव्हतं.

उशाशी बाटली होती. सहा दाते खाली गेलेली, बाकी भरलेली. दुसरी बाटली बुचासकट तशीच.

पंचफुला मधल्या दारातून आत गेली. अनुसयाबाईंनी आपली खाट स्वयंपाकघराच्या दारात आडवी घालून घेतली होती. उठायची ताकद नव्हती, तेव्हा निदान पडल्या पडल्या राखण करावी म्हणून. मागे चूल थंड, तिच्या बाजूला लाकडी घडवंचीवर पाण्याचे दोन घडे, मोठ्याच्या गळ्याशी चुन्याचं बोट ओढलेलं.

“औषद किती पाजलं, पाटलीणबाई?”

अनुसयाबाईंनी मान उचलली. तापानं त्यांचा आवाज बसला होता, पण त्यात अभिमान होता. “तुह्या खुनेपरमानं. सकाळी एक, दुपारी एक, सांजले एक. मी सोता रांगत जाऊन पाजलं. एक थेंब जास्त नाई होऊ देल्ला.”

पंचफुलानं खाटेच्या उशाशी असलेली बाटली पाहिली. ती पट्टी तिनंच कापली होती. तिनंच चिकटवली होती. पाणी औषध दिसावं म्हणून तिनं दाते पाडले, आणि लोकांनी ते औषधासारखंच पाजलं, मोजून, जपून, जास्त झालं तर अपाय होईल म्हणून भिऊन. घरोघर हेच झालं असणार. साठ घरांत माणसं तहानेनं तळमळत होती आणि उशाशी तिची बाटली होती, कागदाची पट्टी लावलेली. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पण तेवढा वेळ नव्हता. ती खाटेच्या पायथ्याला वळसा घालून स्वयंपाकघराकडे निघाली.

“पंचफुला,” अनुसयाबाई म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं. “त्या उंबऱ्यावर पाय ठेवशीन तं मंगरूचं साल आज तुटलं समज.”

पंचफुला थांबली. मंगरू मागच्या दाराशी उभा होता, हातात बैलाचं दावं. त्यानं ऐकलं होतं. त्यानं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. साल तुटलं तर आषाढात दुसरीकडे कुणी ठेवणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“तोडा,” पंचफुला म्हणाली. “पर आधी आयका. त्या बाटलीत औषद नाई. पानी हाये. गूळ, मीठ अन् पयसाचे फुलं. औषद तं कवाच सरलं. अन् पानी माह्या घरचं हाये, गोंडपुऱ्याच्या विहिरीचं. तुमच्या सुनेनं पेलं, मालकानं पेलं, तुमी बी पेल्या.”

ओसरीवर पुंडलिकराव खोकत होते, ते खोकणंही थांबल्यासारखं वाटलं. अनुसयाबाईंनी आपल्या उशाजवळच्या बाटलीकडे पाहिलं. तिच्या पट्टीवर तीन दाते उरले होते. 

“कोनाकोनाले देल्लं?”

“साऱ्या गावाले.”

अनुसयाबाईंनी श्वास सोडला. सगळं गावच बाटलं म्हटल्यावर एका घराची लाज थोडी हलकी झाली असावी. मागच्या खोलीतून शोभाबाईचं कण्हणं आलं, लांब, शेवटी तुटलेलं.

“तिले पानी पायजे,” पंचफुला म्हणाली. “खुनेनं नाई. घोटाघोटानं, दिवसभर, मागन तवा अन् नाई मागितलं तरी. नाईतर आजउद्या दोघंबी जातीन. मी गंगाले पायलं. आता नाई पाहू शकत.”

“लेकरू फुगते मनतेत पान्यानं.”

“वाळून मरते, ते मी पाहून राह्यली.”

अनुसयाबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, “माह्या घड्याले हात लावू नको. आनाचं तं तुह्याच घरचं आन.”

जे आधीच पोटात गेलं होतं ते चालणार होतं, घडवंची मात्र स्वच्छ राहायला हवी होती. ते ऐकून पंचफुलाची कानशिलं तापली. हाताच्या अंतरावर दोन भरलेले घडे, आणि पाणी आणायचं गावाच्या दुसऱ्या टोकाहून. पण हा भांडायचा वेळ नव्हता, आणि नकारातून एक फट उघडली होती ती तिनं पाहिली.

“आनतो,” ती म्हणाली. “पर बाटलीत नाई. डोक्यावर घड्यात आननार, अन् समोरून येनार. मांगं सांदवाडीत घोट्याएवढा चिखल हाये, पाय घसरला तं पानी सांडन.”

अनुसयाबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

गावानं ती मिरवणूक पाहिली. पुढे पंचफुला, डोक्यावर चुंबळ, त्यावर घडा, वरती पालथं घातलेलं कोरं मडकं. मागे रामबाई, तिच्या डोक्यावर लहान घडा, आणि तोंडात गोंडीत चाललेली अखंड बडबड, ती कुणाला कळत नव्हती हे बरंच होतं. मुख्य रस्त्यानं, देवळाच्या समोरून, दुकानाच्या फळीसमोरून. ज्यांना उठवत होतं ते दारात येऊन बसले होते. तानबा भिंतीला टेकून उभा होता, कडेवर गंगाचं पोर.

“घड्यात काय हाये?” त्यानं विचारलं.

पंचफुला थांबली. मानेला कळ लागली होती, तरी थांबली. हे एकदा सगळ्यांसमोर बोलून टाकायचं होतं. “पानी,” ती म्हणाली. “बाटलीत होतं तेच पानी. औषद नव्हतं ते, मी लबाडी केली. पट्टी फाडून टाका अन् पोटभर पाजा. सरलं तं घरचं पाजा. पाटलाच्या घरी हेच चाललं हाये, पाहून घ्या.”

ती पुंडलिकरावांच्या समोरच्या पायऱ्या चढली. दगडी होत्या, तीन. ओसरीवर पुंडलिकराव पडले होते. त्यांनी तिला पाहिलं, पाय जवळ ओढून घेतले आणि वाट दिली. उंबरा ओलांडताना तिनं डोक्यावरचा घडा एका हातानं सावरला. तिच्या मनात काही मोठं यायला हवं होतं, पण आलं ते एवढंच की उंबरा मागच्या दारापेक्षा उंच आहे, पाय जपून टाकावा.

पहिल्या दिवशी चमच्यानं. शोभाबाई दोनदा ओकली, तिसऱ्या वेळी पोटात राहिलं. पंचफुला घडीभर तिच्याजवळ, घडीभर गावात, पुन्हा तिच्याजवळ. मधल्या वेळी रामबाई बसायची, आणि शोभाबाईला आर्वीच्या जंगलातल्या अस्वलाच्या गोष्टी सांगत घोट घोट पाजायची. संध्याकाळी शोभाबाईला लघवी झाली. पंचफुलानं ती बातमी अशी सांगितली की ओसरीवरचे पुंडलिकराव लाजून कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी घड्यांच्या चार खेपा झाल्या. पोटाचं कडक होणं थांबलं. तिसऱ्या दिवशी ताप घामातून उतरला, चादर पिळावी लागली.

गावात पट्ट्या फाटत होत्या. सगळ्यांनी नाही फाडल्या. दोन घरांनी बाटल्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या आणि पंचफुलाला दारात उभं केलं नाही. त्यातल्या एका घरात म्हातारा गेला. रूपरावच्या बायकोनं मात्र स्वतःचाच माठ उघडला. पाटलाच्या घरी गोंडाचं पाणी चालतं तर आपल्या घरी आपलं का चालू नये, असा तिचा हिशेब होता, आणि पंचफुलाला तो मान्य होता. कुणी विहिरीवर टोमणा मारला की रामबाई पोहरा आपटून उत्तर द्यायची. मंगरूचं साल तुटलं म्हणून कुणी सांगायला आलं नाही. तुटलं नाही असंही कुणी सांगितलं नाही. तो रोज पहाटे बैलांपाशी जात राहिला.

ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शोभाबाईच्या कळा खऱ्या लागल्या. अंगात आता थोडा जीव होता. रामबाई मागे बसून तिला धरून होती, पंचफुला समोर. सूर्य घरावर यायच्या आत मुलगी झाली. इवलीशी, मुठीत मावेल एवढं डोकं, रडली तीही मांजरासारखी, पण रडली. पंचफुलानं तिला कोमट पाण्यानं पुसलं. पुंडलिकरावांच्या कोठीतला सरकी काढलेला कापूस मंगरूनं आणून दिला, त्यात तिला गुंडाळलं. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर राहिला.

मुलगी घेऊन पंचफुला मधल्या दारात आली. अनुसयाबाई अजून खाटेवरच होत्या. बाटलीचं खरं कळल्यापासून त्यांनी स्वतः पाण्याला तोंड लावलं नव्हतं; सुनेसाठी चाललं ते सुनेच्या जिवासाठी, आपला धर्म आपल्यापाशी, आणि तापात घरचंही पाणी वर्ज्य, असं त्यांचं होतं. पंचफुलानं रोज तांब्या पुढे केला होता आणि रोज परत नेला होता. सुंठीच्या काढ्याच्या दोन घोटांवर त्या जगत होत्या, आणि तेही पुंडलिकराव भिंत धरून उठून करून देत म्हणून. ताप काही हटत नव्हता. त्यांनी नातीकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. जीभ टाळूला चिकटली होती. पंचफुलाला ती जीभ ओळखू आली. गंगाची तशीच होती.

“मले,” अनुसयाबाई मोठ्या कष्टानं म्हणाल्या. “मले बी दे.”

पंचफुलाचा घडा रिकामा होता. शेवटचं पाणी बाळाला पुसायला गेलं होतं. घरी जाऊन यायला अर्धा तास. तिनं ते सांगितलं, आणि सांगून तिथेच उभी राहिली. तिनं घडवंचीकडे पाहिलंही नाही. पाहायचं ते काम तिचं नव्हतं.

अनुसयाबाईंनीच पाहिलं. मान वळवून, मागे, चुन्याचं बोट ओढलेल्या मोठ्या घड्याकडे. मग हातानं खाटेची कड धरून पाय उचलले आणि जवळ घेतले. दारात माणूस जाईल एवढी जागा झाली.

“घे त्यातलं,” त्या म्हणाल्या. “मंग बदलून टाकीन घडा.”

“बदला,” पंचफुला म्हणाली. “आधी प्या.”

तिनं बाळ त्यांच्या कुशीत दिलं, स्वयंपाकघरात पाय टाकला आणि तांब्या घड्यात बुडवला.

आठवड्यानं मंगरू संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तोच घडा होता. घडवंचीवर नवा आला होता. पाटलीणबाईंनी सांगून पाठवलं होतं की घडा चांगला आहे, पाणी थंड राहतं, फेकवत नाही, तुमच्याकडे असू द्या. आणि नर्सबाईला सांगजो, बारशाला यायचं, समोरून.

रामबाई हे ऐकून पेटली. आपल्या हातानं बाटलेलं भांडं आपल्यालाच दान करतात, असं म्हणत तिनं घडा उचलला आणि अंगणातल्या दगडाकडे निघाली. मंगरू खाली मान घालून पायातला चिखल खरवडत बसला.

पंचफुलानं तिच्या हातून घडा काढून घेतला. तिलाही लागलं होतं. जेवढं रामबाईला लागलं होतं त्याहून कमी नाही. तिनं बोटाच्या पेरानं घडा वाजवून पाहिला. आवाज खणखणीत होता, कुठे तडा नव्हता. गळ्याशी चुन्याचं बोट तसंच होतं.

“आत्या, हा आपल्या घड्यापरीस मोठा हाये,” ती म्हणाली. “एक खेप वाचन.”

तानबाला दुपारपासून पुन्हा ताप होता आणि गंगाचं पोर त्याच्याजवळ एकटं होतं. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, विहिरीवर जाऊन घडा गळ्यापर्यंत भरला आणि मुख्य रस्त्यानं त्याच्या घराकडे निघाली. दार समोरून उघडंच होतं.